शून्य युनिटचं घर

इमारतीच्या वार्षिक सभेत एक ठराव एकमताने मंजूर झाला. ज्या घरात वीज-पाण्याचा वापर आणि कचरा सर्वांत कमी, त्या घराला वर्षभराचा देखभाल खर्च माफ आणि दारावर ‘आदर्श हरित घर’ अशी पाटी. एकमताने म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या हेडक्लार्कनी हात वर केला आणि बाकीचे चहा कधी येतो ते बघत होते.

खर्च कमी करणं आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यावर ढकलणं यात फरक असतो, हे हेडक्लार्कना इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांची दाढी, इस्त्री आणि फोनचं चार्जिंग आता कार्यालयात होऊ लागलं. एके सकाळी बायकोने त्यांच्या डब्याच्या पिशवीत भाजीची सालं बघितली.

“अहो, हे कुठे नेताय?”

“कार्यालयात. तिथल्या कचऱ्याच्या डब्याला कुठली स्पर्धा जिंकायचीये?”

मग पंखा बंद झाला, पाठोपाठ फ्रिज. शेवटी गिझरची पाळी आली, आणि गिझर आईसाठी होता. गरम पाणी पडल्याशिवाय तिचे गुडघे दिवसभर हलायचं नाव घेत नसत.

“आई, थोडे दिवस ताईकडे राहतेस? पर्यावरणासाठी गं.”

“अरे, माझ्या बादलीभर पाण्याचंही ओझं होतं का त्याला?”

म्हातारी रागावली असती तर बरं झालं असतं. ती मुकाट्याने पिशवी भरू लागली. हेडक्लार्कना खरोखर वाईट वाटलं. मग त्यांची नजर मीटरकडे गेली आणि त्यांनी तिची पिशवी दारापाशी नेऊन ठेवली.

सासूला पोचवायला गेलेली बायको नणंदेकडेच राहिली. हेडक्लार्क कॅन्टीनमध्ये जेवून येत, अंधारात चाचपडत अंथरूण शोधत आणि मीटरची चकती हलत नाही या समाधानात झोपत. एवढं सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात ताईच्या नवऱ्याचा फोन आला. “आमच्या सोसायटीतही हीच स्पर्धा लागलीये. आईंना आणि वहिनींना सोडायला निघालोय.”

“भावोजी, परवा आमचं शेवटचं रीडिंग आहे हो!”

“आमचं उद्याच आहे,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेडक्लार्कनी साखळी न काढता दार जेमतेम उघडलं.

“गरम पाणी नको रे मला,” आई फटीतून म्हणाली, “नुसती टेकते.”

“आई, टेकलीस की तुला तहान लागेल.”

बायकोने सासूचा हात धरला आणि तिला आपल्या मावशीकडे घेऊन गेली.

समिती निकाल घेऊन आली तेव्हा हेडक्लार्क इस्त्रीच्या शर्टात उभे होते. सचिवांनी कागद वाचला, “दुसरा क्रमांक, आपण.”

“आणि पहिला?”

“चौथ्या मजल्यावरचा बंद फ्लॅट. वीज शून्य, पाणी शून्य, कचरा शून्य.”

“अहो, पण तिथे कोणी राहतच नाही!”

“तेच तर समितीने नमूद केलंय. आपल्याकडे जो थोडाफार वापर दिसतो, त्याचं कारण शोधलं. आपण घरी होतात.”

तर्क बिनचूक होता. कार्यालयात त्यांनी स्वतः असे शेरे मारले होते. त्याच दिवशी घराला कुलूप ठोकून ते एका जुन्या मित्राकडे राहायला गेले.

त्यांचं बघून निम्म्या इमारतीने घरं बंद केली, मग शेजारच्या इमारतींनीही. पाट्या कमी पडू लागल्या आहेत. एवढी माणसं गेली कुठे, असं विचाराल तर सगळी कोणाकडे ना कोणाकडे पाहुणी आहेत. हेडक्लार्कांची आई तेवढी पिशवी घेऊन अजून या घरून त्या घरी फिरते आहे, कारण गरम पाण्याचं नाव काढलं की प्रत्येक घरात रीडिंगची तारीख जवळ आलेली असते.

तुमच्याकडे कोणीच आलेलं नाही म्हणता? उत्तम. मग हे वाचताना डोक्यावर जो पंखा फिरतोय, तो कोणाच्या मीटरवर चालतोय ते जरा वर बघून सांगा.