देव उजव्या हाताला

आमचे दाजी नकाशातल्या देवांनाही प्रदक्षिणा घालतात. लंडनच्या रस्त्यांच्या पुस्तकात जिथे चर्चचा बारीकसा क्रॉस छापलेला असतो, तिथे त्यांची पेन्सिल थबकते, विचारात पडते आणि असा काही वळसा घेते, की चर्च गाडीच्या उजव्या बाजूला यावं. मशीद, गुरुद्वारा, सगळ्यांना तोच मान. "देव उजव्या हाताला, बाकी मग बघू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे घरबसल्या चाललं असतं तर माझी हरकत नव्हती. पण दाजी मिनीकॅबच्या, म्हणजे खाजगी टॅक्सीच्या, लायसन्ससाठी नकाशाची परीक्षा देत होते. तिथे या ठिकाणाहून त्या ठिकाणाला जवळचा रस्ता आखायला सांगतात. लंडनमध्ये चर्च काय कमी आहेत? दाजी दोनदा नापास झाले.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. अक्का कार्डिफच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. ती ड्यूटीवर आणि दाजी घर सांभाळायला, असा त्यांचा संसार. अक्का गेली आणि मी त्यांना इकडे, लंडनमधल्या इल्फर्डला आणलं. इथे माझं भाजीचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली रिकामी होती. हे दुकान मी एकटीने उभं केलंय. होलसेल मार्केटात माझा आवाज ऐकला की व्यापारी आधीच भाव उतरवतात. आणि तरी मी स्वतःहून दाजींना माझी डिलिव्हरीची व्हॅन देऊ केली. पगार, जेवण, रविवारी सुट्टी. ते म्हणाले, "नको गं, रंजना."

नुसतं "नको गं"! पगार वाढव म्हणाले असते तर मी भांडले असते, भांडून वाढवलाही असता. घासाघीस न करता नाही म्हणणं हा समोरच्याचा अपमान असतो. तो मला अजून पचलेला नाही. परक्या माणसांना घेऊन फिरणार, आणि घरची मेथी नको!

शेवटी मी अट घातली. "तिसऱ्यांदा नापास झालात तर मुकाट्याने व्हॅनवर यायचं."

"बरं," दाजी म्हणाले. इथेही घासाघीस नाही.

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की कोथिंबिरीच्या क्रेटवर सराव चालायचा. पुस्तकाला हात लावण्याआधी दाजी हात धुणार. एकदा मी थुंकी लावून पान उलटलं, तर ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

"स्टेशन ते हॉस्पिटल," मी म्हणाले. "सरळ रस्ता आहे."

"आहे. पण चर्च डावीकडे येतं."

"येऊ द्या की! तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. त्याला डावलल्यासारखं होतं."

"अहो, आपलं देऊळ तरी आहे का ते?"

"आत कोण राहतं ते मी विचारत नाही."

"आणि गाडीत पेशंट कळवळतोय, त्याचं काय?"

"त्याच्यासाठीच तर उजवीकडून नेतोय."

मी दोन फ्लॉवर उगाच आपटले. राग होताच, पण खरं सांगते, आतून दडपलेही होते. मी देवापुढे उभी राहते तीसुद्धा काहीतरी पदरात पाडून घ्यायला. हा माणूस कागदावरच्या मुंगीएवढ्या देवासाठी पुन्हा पुन्हा नापास व्हायला तयार होता.

एक दिवस एकाच रस्त्यावर दोन चर्च समोरासमोर निघाली. पेन्सिल अडली ती अडलीच. चहा गार झाला. एक बाई गवारीचा भाव करून, गवार घेऊन गेलीसुद्धा. मग दाजी मान वर न करता पुटपुटले, "एकाला जाताना, एकाला येताना."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "दाजी! जाताना जो डावीकडे राहतो, तो परत येताना उजवीकडे येतो ना?"

"येतो."

"परीक्षेत फक्त जायचं विचारतात. जा सरळ. येणं नंतर करा."

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "थांबतील ते तोवर?"

"न थांबायला काय झालं! मी बोलते त्यांच्याशी."

ते नापास झाले तर फायदा माझाच होता, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण अडलेला सौदा माझ्याने बघवत नाही, मग तो कोणाचा का असेना.

दाजी पास झाले. आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन सकाळीच गायब व्हायला लागले. परीक्षेत आखलेले सगळे रस्ते ते उलट्या दिशेने फिरत होते. बसने, आणि बस नसेल तिथे पायी.

एका रविवारी मीही सोबत गेले. एका कोपऱ्यावर जुनं चर्च होतं. आता त्यात फ्लॅट झालेत. बाल्कनीत सायकल, कपडे वाळत घातलेले.

"चला," मी म्हणाले. "इथला देव कधीच सोडून गेला."

"त्याला कुठे जायचं ते त्याचं तो बघेल. मी येतो म्हणालो होतो."

भर फुटपाथवर दाजींनी बूट काढले, मोज्यांवर उभं राहून हात जोडले. येणारेजाणारे बघत होते. मी आयुष्यात कोणापुढे पटकन वाकलेले नाही. पण त्या दिवशी मीसुद्धा बूट काढले.

लायसन्स आलं, गाडी आली. पहिल्या संध्याकाळी दाजी दुकानाशी थांबले, म्हणाले, "चल, घरी सोडतो." मी पुढचं दार उघडलं.

"मागे बस ना," ते म्हणाले.

घरचं माणूस गाडी चालवत असेल तर आपण पुढे बसतो. मागे बसलं की त्याला ड्रायव्हर केल्यासारखं होतं. माझं डोकं फिरलं. "मी काय गिऱ्हाईक आहे? आणि माझ्या व्हॅनमध्ये असं काय वाईट होतं, ते आज सांगाच!"

दाजींनी स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत. "तुझ्या व्हॅनमध्ये मागे भोपळे असतात गं. ते बोलत नाहीत."

मी दार धरून उभी राहिले.

"तुझी अक्का रात्रपाळी संपली की मागच्या सीटवर आडवी व्हायची. मग घर येईपर्यंत बोलत राहायची. वॉर्डात काय झालं, कोण कोणाला काय म्हणालं. मला अर्धं कळायचंही नाही. मी आपला चालवायचो." त्यांनी मागच्या आरशात पाहिलं. "आता मागून कोणाचा आवाज येत नाही ना, तर मला गाडी चालवतोय असं वाटतच नाही."

मी पुढचं दार लावलं आणि मागे जाऊन बसले. गाडी निघाली. मग माझे गुडघे रात्री किती ठणकतात, हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगायला लागले.