सदोबाचा दगड आणि कुर्लेसाहेबांची पाटी

एका जंगलात कुत्री पाळायची साथ आली होती. साथ कशी आली ते विचारू नका, मुलांनो. साथी कशा येतात हे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही कधी कळलेले नाही. आधी गवे पाटलांनी एक पाळले. मग सांबराने पाळले. मग ज्यांना स्वतःचे शेपूट सांभाळता येत नव्हते, तेही दारात कुत्रे बांधून बसले.

बाकी सगळे प्राणी बोलत. पण पाळलेल्या कुत्र्याने बोलायचे नाही, असा तिथला रिवाज होता. बोलणाऱ्या कुत्र्याला भाडेकरू समजत.

या जंगलात गोदामावशी नावाची अस्वलीण राहत होती. तिची दोन्ही पिल्ले मोठी होऊन पलीकडच्या डोंगरावर गेली होती. तिथे मध भरपूर होता, त्यामुळे त्यांना आई आठवत नव्हती. गुहेत आता मावशी आणि तिचा कापश्या, दोघेच. कापश्या पांढराशुभ्र, लांब केसांचा, लोंबत्या कानांचा. मावशीच्या स्वतःच्या अंगाला जन्मात फणी लागली नव्हती, पण कापश्याला ती रोज सकाळी उन्हात बसवून विंचरायची. तिचा त्याच्यावर फार जीव होता. ती हे कोणाला सांगत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते.

एकदा कापश्या गोखरूंत लोळून आला. त्याच्या डाव्या कानामागे केसांचा गुंता झाला. सोमवारी तो बोराएवढा होता, गुरुवारी आवळ्याएवढा, आणि पुढच्या सोमवारी कवठाएवढा. कातडी ओढली जाऊ लागली. कापश्या मान वाकडी करून बसू लागला. मग त्याने जेवण सोडले. मावशीने पंजा घालून पाहिला, पण तो अस्वलाचा पंजा. मध काढायला उत्तम, कानामागच्या नाजूक कामाला शून्य. मावशी घाबरली.

त्या जंगलात कुत्र्यांचे केस कापणारे दोघे होते.

एक सदोबा. सदोबा म्हणजे गायबगळा. त्याची अर्धी हयात म्हशींच्या कानांतल्या गोचिडी काढण्यात गेली होती. साथ आल्यावर तो चोचीने कुत्र्यांचे केस कापू लागला. तो उंबराखाली बसायचा. त्याच्या शेजारी एक सपाट दगड होता आणि त्या दगडावर कोळशाने काहीबाही लिहिलेले असायचे.

मावशी कापश्याला घेऊन गेली. सदोबाने आधी कापश्याकडे पाहिलेच नाही. तो मावशीलाच विचारू लागला.

"खाल्लं कधी यानं?"

"काल दुपारी. तेही दोन घास."

"कोणाला चावलाय?"

"छे हो. घाबरला की नुसता दगडासारखा बसतो. मागे नाकावर गांधीलमाशी बसली, तरी जागचा हलला नाही. चावून गेली ती."

"मग याला जास्त जपायला हवं. ओरडणारं कुत्रं सांगतं तरी, कुठं दुखतंय ते." सदोबाने मान डोलावली. "आज नुसता माझा वास घेऊ दे त्याला. उद्या नखं बघू. परवा गुंता कापू. विंचरून सुटणार नाही तो. कापल्यावर टक्कल पडेल तेवढ्या जागी, दिसायला बरं दिसणार नाही. आणि तुम्ही इथंच बसायचं, त्याला दिसाल अशा."

मावशीला पटत आले होते. तेवढ्यात तिची नजर दगडावर गेली. दगडावर लिहिले होते: सांबराचा मोत्या, नख खोल कापले, माझी चूक. भेकराची चिमी, पोटावर ओरखडा, माझी चूक. अशा बारा ओळी होत्या.

"हे काय?" मावशीने विचारले.

"माझ्या हातून झालेल्या चुका. सोळा वर्षांतल्या."

मावशीने कापश्याला उचलले. "उद्या येते," म्हणाली. मुलांनो, असे म्हणणारे गिऱ्हाईक उद्या येत नसते.

वाटेत शेजारीण भेटली, कमळावहिनी मुंगूस. मावशीने तिला दगडाचे सांगितले.

"अगंबाई!" कमळावहिनी म्हणाल्या. "स्वतःच्या चुका कुणी दारात लिहून ठेवतं का? ज्याला साधं लपवता येत नाही, तो केस काय कापणार? तुम्ही आमच्या कुर्लेसाहेबांकडे जा बाई. आमची बिजली तिथंच जाते."

बिजली शेजारीच उभी होती. तिचा उजवा कान डाव्याहून दोन बोटे आखूड होता.

"हिचा कान असा कसा?" मावशी म्हणाली.

"आता असेच ठेवतात," कमळावहिनी म्हणाल्या आणि घाईने निघून गेल्या.

कुर्लेसाहेब म्हणजे खेकडा. त्यांच्या दोन्ही हातांना जन्मतःच कात्र्या होत्या, त्यामुळे हा धंदा त्यांना शिकावा लागला नाही, असे सगळे कौतुकाने म्हणत. दुकान धबधब्याशेजारी होते. आत केवड्याचा घमघमाट. भिंतीवर तीन प्रमाणपत्रे होती. एक समुद्रकिनाऱ्यावरच्या तीन दिवसांच्या शिबिराचे, एक त्या शिबिराला वेळेवर हजर राहिल्याचे, आणि एक पोहण्याचे. आणि दाराशी ही मोठी पाटी: "आजवर एकही अपघात नाही."

मावशीचा जीव भांड्यात पडला.

"मी याच्याजवळ बसू का?" तिने विचारले.

"मालक दिसला की कुत्रं लाडात येतं," कुर्लेसाहेब म्हणाले. मध्ये केळीच्या पानांचा पडदा होता. "पडद्याच्या आत फक्त आम्ही आणि कुत्रं. दिवसाला वीस करतो आम्ही. तुमचं अकरावं."

"याच्या कानामागे गुंता आहे. कातडी ओढली गेलीय. आणि हा घाबरला की..."

"हो हो, कळलं. फीत कोणत्या रंगाची बांधू?"

मावशीला सदोबाचे प्रश्न आठवले. तो इतके विचारत होता आणि हा काहीच विचारत नाही, हे तिच्या लक्षात आले. पण मग तिने पुन्हा पाटी वाचली. पाटी मोठी होती आणि अक्षर सुरेख होते. तिने कापश्याला आत दिले. देताना त्याने तिचा पंजा चाटला.

बाहेर सात-आठ जण आपापली कुत्री घेऊन बसले होते. कोणाचे शेपूट टोकाला बोडके, कोणाच्या पाठीवर भाजल्याचा चट्टा. केस वाळवायला कुर्लेसाहेब कुत्र्यांना तापलेल्या कातळावर ठेवत आणि पुढच्याचे काम करायला जात, म्हणून तो चट्टा. मावशीने एकाला विचारले. तो म्हणाला, "आमचा हलला." दुसऱ्याला विचारले. "आमचाही हलला." जंगलातली कुत्री इतकी हलतात, हे मावशीला ठाऊक नव्हते.

तेवढ्यात पडद्याआडून किंकाळी आली. एकच. मग काहीच नाही.

कुर्लेसाहेब तिरके तिरके बाहेर आले. "किरकोळ आहे. हलला तो."

मावशीने पडदा फाडला. कापश्या दगडासारखा बसला होता. त्याच्या गळ्यात गुलाबी फीत होती. डावा कान अर्धा होता. त्यातून रक्ताची धार लागली होती आणि फीत लाल होत चालली होती. कानामागचा गुंता मात्र जसाच्या तसा होता.

"हा हलला नाही," मावशी म्हणाली. "हा हलूच शकत नाही. घाबरला की हा हलत नाही, हेच मी सांगत होते तुम्हाला."

"असं कसं मावशी?" कुर्लेसाहेब समजुतीने म्हणाले. "तो हलला नसेल, तर आमचं चुकलं असं होईल. आणि आमचं चुकत नाही. पाटी वाचलीत ना तुम्ही?"

मावशीने बाहेर बसलेल्यांकडे पाहिले. सगळे आपापल्या कुत्र्याकडे बघू लागले.

तिने कापश्याला छातीशी धरले आणि ती धावत सुटली. अस्वले इतकी जोरात धावतात हे त्या दिवशी जंगलाला कळले. सदोबा उंबराखालीच होता. त्याने "मी म्हणालो होतो" असे म्हटले नाही. स्वच्छ पान घेऊन कान दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत धरून ठेवला, आणि मग त्यांना घोरपड वैद्याकडे पाठवले. जखम सुकल्यावर त्याने कापश्याला पुन्हा बोलावले. पहिल्या दिवशी नुसता वास. दुसऱ्या दिवशी नखे. तिसऱ्या दिवशी गुंता. मावशी समोर बसून होती. गुंत्याचा शेवटचा पीळ कापताना सदोबाची चोच कातडीला लागली. केसाएवढा ओरखडा. कापश्याला कळलेसुद्धा नाही.

सदोबा उठला, कोळसा घेतला आणि दगडावर तेरावी ओळ लिहिली: कापश्या, कानामागे ओरखडा, माझी चूक.

मावशीला रडू आले. अर्ध्या कानाच्या वेळी आले नव्हते, ते आता आले. कापश्या त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवला.

मावशीने गवे पाटलांकडे तक्रार केली. पाटलांनी पंचायत बोलावली. विषय गंभीर होता: जंगलातल्या कुत्र्यांची सुरक्षा.

"कुर्ल्यानं माझ्या कापश्याचा कान कापला," मावशी म्हणाली. "आणि एकट्या माझ्याच नाही. कमळावहिनी, सांगा ना. बिजलीचा कान कोणी कापला?"

कमळावहिनींनी पदर सारखा केला. बिजलीचा कान फॅशनचा आहे, हे त्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितले होते. आता कुठल्या तोंडाने बदलणार?

"आमच्या बिजलीचं म्हणाल, तर ती मुळातच चंचल," त्या म्हणाल्या.

पाटलांनी दोन्ही दुकानांची माहिती मागवली. कुर्लेसाहेबांचे अपघात: शून्य. सदोबाचे: तेरा. पंच हादरले.

"हे अक्षर तुमचंच?" पाटलांनी सदोबाला विचारले.

"माझंच."

"तेराही चुका कबूल?"

"कबूल. म्हणून तर लिहिल्या."

पाटील मनाने वाईट नव्हते. त्यांनी सदोबाला बाजूला घेतले. "सदोबा, दगड धुऊन टाका. शून्य झालं की मलाही काही करावं लागणार नाही. धंदा करा सुखानं."

सदोबा थोडा वेळ एका पायावर उभा राहिला. "पाटील, चोच कुठं कुठं घसरते ते मला त्या दगडावरनं कळतं. दगड धुतला तर चौदावी चूक लवकर होईल."

पाटलांना ते काही समजले नाही. कुत्र्यांच्या सुरक्षेसाठी सदोबाला जंगलाबाहेर जायला सांगण्यात आले. कुत्र्यांच्या सुरक्षेसाठीच कुर्लेसाहेबांना सुरक्षा समितीचे अध्यक्ष करण्यात आले. मावशी एकटीच "हे खोटं आहे" म्हणून ओरडत राहिली. सगळ्यांनी तिला बसून घ्यायला सांगितले.

चार महिने गेले. कापश्याच्या दुसऱ्या कानामागे गुंता दिसू लागला. या वेळी मावशीने वाट पाहिली नाही. गुंता बोराएवढा असतानाच तिने कापश्याला घेतले आणि जंगलाच्या हद्दीबाहेरची वाट धरली. नदीपलीकडच्या गायरानात सदोबा म्हशींबरोबर असतो, असे तिने ऐकले होते. उघड जाण्यात धोका होता, म्हणून ती करवंदीच्या जाळ्यांमधून चालली.

पहिल्याच जाळीत कमळावहिनी भेटल्या. बरोबर बिजली.

"सहज फिरायला निघाले होते," कमळावहिनी म्हणाल्या.

"मीही," मावशी म्हणाली.

पुढच्या जाळीत सांबर होते. त्याच्यापुढे भेकर. आणखी पुढे गवे पाटील एका रोपट्यामागे लपले होते. रोपटे त्यांच्या गुडघ्याएवढे होते. सगळ्यांच्या बरोबर कुत्री होती आणि सगळे सहज फिरायला निघाले होते. गायरानात पोहोचल्यावर पाहतात तर सदोबासमोर रांग. शेजारी नवा दगड होता. त्यावर कापश्यासकट जुन्या तेरा ओळी त्याने पुन्हा लिहून काढल्या होत्या.

रांगेत सगळ्यांत पुढे, सगळ्यांकडे पाठ करून, कुर्लेसाहेब बसले होते. त्यांच्या मांडीवर त्यांचे स्वतःचे छोटे कुत्रे होते. त्याचे दोन्ही कान, शेपूट, सगळे शाबूत होते.

"कुर्लेसाहेब," मावशी म्हणाली, "तुमचं दुकान सोडून तुम्ही इथे?"

कुर्लेसाहेबांनी आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मावशी, तिकडे लोकांची कुत्री येतात हो. हे घरचं आहे."

तात्पर्य: जो आपल्या चुका लिहून ठेवतो, त्याला ताबडतोब हाकलून द्यावे. म्हणजे खरे काम पडल्यावर कोणाकडे जायचे, याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहत नाही.