जावई मानकात बसवण्याबाबत

कृत्रिम रेतन केंद्रातल्या वळूचं कागदावरचं नाव होतं 'नर क्रमांक सात', पण सगळे त्याला जावई म्हणत. आयतं खायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पाठ थोपटून घ्यायची, आणि काम म्हणाल तर आठवड्यातून दोनदा, तेही पाच मिनिटांचं. मग दुसरं काय म्हणणार? त्याची देखभाल मामाकडे होती. मामा तसा कुणाचाच सख्खा मामा नव्हता, पण केंद्रात सगळ्यांचा होता. पोटच्या पोरांपेक्षा तो जावयाला जास्त जपतो, असं त्याची बायको चारचौघांत बोलून दाखवायची, आणि मामा ते नाकारायचाही नाही.

तर एका वर्षी आसपासच्या गाई गाभण राहीनात. तक्रारींचा ढीग पडला. साहेबांनी तातडीनं चौकशी लावली ती अर्थातच गाईंची. चारशे बारा गाई तपासल्या, सगळ्या ठणठणीत. मग गाईंच्या मालकांची चौकशी झाली आणि गाई चुकीच्या दिशेला तोंड करून उभ्या राहतात, असा निष्कर्ष निघाला. नराला तपासावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तो नेमणुकीच्या वेळीच 'सक्षम' ठरला होता, आणि एकदा सक्षम ठरलेला निवृत्तीपर्यंत सक्षमच राहतो. हा नियम साहेबांनाही लागू होता.

शेवटी प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंनी कुणालाही न विचारता जावयाच्या वीर्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि मामाला हाक मारली.

"मामा, हे बघा. शुक्रजंतू निम्मेसुद्धा नाहीत. जे आहेत ते जागच्या जागी गोल गोल फिरतायत."

मामानं एक डोळा मिटून पाहिलं. "आणि हे निळं निळं काय आहे?"

"प्लास्टिक. साठेक कण तरी असतील. खुराकाची पोती कसली आहेत हो?"

पोती निळ्या प्लास्टिकच्या धाग्यांचीच होती, आणि ती कुणी उघडतच नव्हतं. पोतं उघडणं हे 'पोते-उकलक' या पदाचं काम. ते पद अकरा वर्षं रिक्त. दुसऱ्यानं उघडावं तर अधिकाराचं उल्लंघन, न उघडावं तर जनावर उपाशी. केंद्रानं सुवर्णमध्य काढला होता: पोतं शिवणीसकट चारा कापायच्या कुट्टीच्या यंत्रात टाकायचं.

बाईंनी अहवाल दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"बाई, एका नरावर असा ठपका ठेवताना जरा विचार करायचा. त्याची बाजू ऐकून घेतलीत?"

"साहेब, तो वळू आहे."

"म्हणूनच म्हणतो. बिचाऱ्याला बोलता येत नाही. याच्यात प्लास्टिक आहे, मान्य. पण इतरांत नाही कशावरून? तुलनेसाठी प्लास्टिक नसलेला एक नर हजर करा, मग बघू."

बाई शोधाला लागल्या. शेजारच्या केंद्रातला बोकड तपासला, त्याच्यात कण. रेडा तपासला, त्याच्यातही कण. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर प्लास्टिकच्या पेटीत राहून प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पीत होते, त्यांचं तर विचारूच नका. शेवटी बाईंनी अदबीनं सुचवलं की माणसातला एखादा नर चालत असेल तर साहेबांपासूनच सुरुवात करू.

"मी वर्ग एकचा अधिकारी आहे," साहेब म्हणाले, आणि विषय संपला. प्रकरण समितीकडे गेलं.

इकडे मामानं कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. रोज सकाळी घरून आणलेल्या विळ्यानं तो पोत्याची शिवण उसवायचा, खुराकातला धागा न् धागा वेचायचा, पाणी लोखंडी बादलीतून पाजायचा. चार महिन्यांनी बाईंनी पुन्हा थेंब पाहिला आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"अहो मामा, शुक्रजंतू दुप्पट! आणि सरळ पळतायत हो! कण फक्त पाच!"

मामा गोठ्यात गेला आणि जावयाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

नेमका त्याच आठवड्यात समितीचा निर्णय आला. ज्याअर्थी तपासलेल्या प्रत्येक नरात कण आढळले, त्याअर्थी कण हा नराचा नैसर्गिक घटक होय. सरासरी काढून मानक ठरलं: थेंबामागे किमान चाळीस. त्याहून कमी असलेला नर 'कणन्यून' समजून त्याची खाटकामार्फत विल्हेवाट लावावी.

मामा साहेबांच्या खोलीत धावला. "साहेब, जनावर बरं झालंय! वरच्या गावातल्या नऊ गाई गाभण आहेत!"

"असतील. पण मानकात न बसणाऱ्या नराची वासरं मी कोणत्या रकान्यात दाखवू?"

"प्लास्टिक कमी झालं, हे चांगलंच ना?"

"चांगलं-वाईट ठरवायला समिती आहे, मामा. दोन महिन्यांनी फेरतपासणी. तोवर सुधारा त्याला."

बाहेर बाईंनी मामाला गाठलं. "मी आकडा फुगवून लिहिते."

"नको बाई. तपासायला बाहेरची माणसं येणार. तुमची नोकरी जाईल आणि हाही जाईल."

दोन दिवस मामाला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विळा बाजूला ठेवला, निळं पोतं उचललं आणि शिवणीसकट यंत्रात घातलं. जावयानं घमेल्यात तोंड घातलं आणि मान फिरवली. निवडलेलं खाऊन त्याला चव कळायला लागली होती. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"खा रे राजा," तो म्हणाला. "खाल्लंस तरच जगशील."

फेरतपासणीत त्रेचाळीस कण निघाले. शुक्रजंतू पुन्हा गोल फिरू लागले. जावई मानकात बसला, साहेबांचं अभिनंदन झालं, आणि गाईंची चौकशी नव्यानं सुरू झाली.

आता तुम्ही मामाला मूर्ख म्हणाल. खुशाल म्हणा. लाडक्या जिवाला स्वतःच्या हातानं, वर पाठीवर हात फिरवून असलं काही खाऊ घालायचं म्हणजे काय! अगदी खरं आहे. फक्त एवढंच सांगा, आज सकाळी तुम्ही लेकराच्या डब्यात गरम गरम भरलंत, झाकण घट्ट दाबलंत, वर "सगळं संपव हं" म्हणालात, तो डबा कोणत्या रंगाचा होता?