कॉम्प्युटर आणि त्याच्यासोबत आलेले विभागप्रमुख

रविवार, सकाळचे दहा. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर चहाचे दोन कप. घरात नवरा आणि बायको. नवरा जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात कारकून, बायको शाळेत गणित शिकवते. घरात शांतता होती. हे मुद्दाम नमूद करायला हवं, कारण त्यानंतर ती त्या घरात कोणाला दिसलेली नाही.

"मी कॉम्प्युटर घेतोय," कारकून म्हणाला.

"आहे की एक."

"तो नाही. जुना. हिरव्या अक्षरांचा."

"मग थांबा थोडं. आहे तो होईलच जुना."

बायकोच्या या उत्तरात तथ्य होतं. पण कारकुनाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो कॉलेजात होता तेव्हा सगळ्या वर्गात मिळून एक कॉम्प्युटर होता. एकाने खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. कारकून उंच. त्यामुळे "तुला मागूनही दिसतं" असं सांगून त्याला कायम शेवटी ढकललं गेलं. (उंच माणसांवर या जगात जे अन्याय होतात, त्यांची कुठेच दाद लागत नाही.) अख्खं शिक्षण त्याने कोणाच्या तरी कान आणि खांद्याच्या मधल्या फटीतून घेतलं. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, त्याच्या समोरच आले, पण त्याच्या लेखी ते कॉम्प्युटर नव्हतेच. ते नुसतं काम होतं. त्याला हवा होता तो काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा हिरवा चौकोन, आणि तिथे स्वतःचं नाव टाइप करून एंटर दाबायची संधी. एकदाच. मागच्या रांगेतून नव्हे, खुर्चीत बसून.

"एवढ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा?"

"एवढ्यासाठीच."

बायकोने परवानगी दिली. तिला त्याची दया आली होती. पुढे जे झालं त्यातला तिचा वाटा इथून सुरू होतो.

जाहिरात त्याला आठवड्याभरात सापडली. 'जुना कॉम्प्युटर. चालू स्थितीत. लवकर न्यावा.' कारकुनाने पहिली दोन वाक्यं वाचली आणि टेंपो ठरवला. ज्याला आयुष्यात काही कळतं तो माणूस तिसऱ्या वाक्यापाशी थांबला असता.

दार एका काकूंनी उघडलं. आतल्या खोलीत, पडद्यांच्या अंधारात, कापडी खोळीखाली कॉम्प्युटर होता आणि त्याच्या शेजारी, टाय लावून, ताठ बसलेले एक गृहस्थ होते.

"हे आमचे," काकू म्हणाल्या. "ऑफिसात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभाग बंद झाला तेव्हा ह्यांनी कॉम्प्युटर घरी आणला. त्याच्याबरोबर विभागही आणला."

विभागप्रमुख कारकुनाच्या पायांकडे बघत होते.

आता, जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या मंडळींचा एक नियम असतो आणि तो कारकुनाने कुठूनसा वाचून पाठ केला होता: संच फोडायचा नाही. कीबोर्ड एकीकडे, पडदा दुसरीकडे, असला माल घ्यायचा नाही. त्यामुळे त्याने काकूंना कडक आवाजात बजावलं, "एकही वस्तू मागे ठेवायची नाही हं, काकू. मला संच अखंड हवा."

काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे पहिल्यापासून कॉम्प्युटरसोबत जे जे आहे, ते सगळं?"

"सगळं. नंतर तुम्ही म्हणाल, एवढं आमच्याकडे राहू द्या. ते चालायचं नाही."

"मी कशाला म्हणेन! शब्द दिलात हं?"

"दिला."

टेंपोत पडदा चढला. कीबोर्ड चढला. फ्लॉपींचा डबा, खोळ, वायरी चढल्या. शेवटी एक उशी आणि बॅग घेऊन विभागप्रमुख चढले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. बिचारे जोडून द्यायला येताहेत, असं कारकुनाला वाटलं. त्याला भरून आलं. उशीचा विचार त्याने केला नाही.

घरी पोचल्यावर कॉम्प्युटर आतल्या खोलीत लागला आणि कारकून आत जायला निघाला.

"चपला," विभागप्रमुख म्हणाले.

"अहो काका, माझंच घर आहे."

"ही कॉम्प्युटर रूम आहे. आणि काका नाही. सर."

तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण एके काळी ऑफिसांतून हेच चालायचं. कॉम्प्युटरची खोली थंड, पडदे ओढलेले, चपला बाहेर, काम नसणाऱ्याला मज्जाव. वरिष्ठांसमोर पाय पसरून बसणारी माणसं त्या यंत्रासमोर मोज्यांवर चवड्यांनी चालायची. तो काळ कधीच संपला. फक्त विभागप्रमुखांना कोणी तसं कळवलं नव्हतं.

"हा पलंग इथे कशाला?"

"आम्ही झोपतो त्यावर."

"गादीत धूळ असते. बाहेर."

पलंग बाहेर गेला. कपाट जड म्हणून आतच राहिलं. पण कपड्यांसाठी दारावर टकटक करायची आणि रंग सांगायचा, असं ठरलं. (कोणी ठरवलं? विभागाने.) मग सरांनी खटका दाबला. यंत्र घरघरलं, एकदा टुंई म्हणालं, आणि काळ्या पडद्यावर हिरवा चौकोन लुकलुकायला लागला. कारकुनाने खुर्ची ओढली. त्याने हात पुढे केला.

"थांबा. वेळ घेतलीय का?"

"कोणाकडून?"

"विभागाकडून."

"विभागात कोण कोण आहे?"

"मी."

"मग सर, वेळ द्या."

"काम काय आहे?"

"माझं नाव टाइप करायचंय."

"हं. आणि पुढे?"

"पुढे एंटर."

"नामंजूर. यंत्राचा वेळ आहे हा, पाणपोई नव्हे."

तेवढ्यात बायको चपला दाराशी काढून आत आली. वर्गाच्या गुणांची सरासरी काढायचीय, म्हणाली. सर उठून उभे राहिले. "बसा बाई. मंजूर." बायको खुर्चीत बसली आणि कारकून तिच्या मागे. तिचा कान आणि खांदा यांच्या फटीतून हिरवी अक्षरं स्वच्छ दिसत होती. उंचीचा फायदा.

संध्याकाळ झाली, सरांनी उशी काढून खोळीशेजारी ठेवली, तेव्हा कारकुनाने फोन लावला.

"काकू, सर अजून इथेच आहेत."

"हो, इथे नाहीत म्हटल्यावर तिथेच असणार. घर किती मोठं वाटतंय हो!"

"त्यांना न्यायला कधी येताय?"

"का? चालत नाहीत का?"

"चालतात, पण..."

"मग तक्रार कसली? अखंड संच तुम्हीच मागितलात. विकलेला माल मी परत घेत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तर काकू पोहायच्या क्लासला निघाल्या होत्या.

घरातून मदत म्हणावी, तर तीही नाही.

"त्यांना घालवायला हवं," कारकून स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाला.

"का बरं? वेळेवर उठतात, ताट उचलतात, भाजी कसली म्हणून विचारत नाहीत."

"अगं, कॉम्प्युटर माझा आहे!"

"तुमचाच आहे. कोण नाही म्हणतंय?"

"मला हात लावू देत नाहीत ते!"

"अहो, कारण नीट द्यावं लागतं. नाव टाइप करायचंय, हे काय कारण झालं? माझं बघा, रोज मंजूर होतं."

तिचं खरं होतं. सरासरी केव्हाच संपली होती. आता ती चेंडू मारून भिंतीच्या विटा फोडायचा खेळ खेळत होती आणि विभागाला दिलेलं कारण होतं, 'कोनांचा अभ्यास'. (गणिताच्या शिक्षिकेने असं करावं! आणि वर सरांनी तिला शाबासकी द्यावी!)

कारकून इरेला पेटला. आयुष्यभर त्याने लोकांचे अर्ज कारणं दाखवून परत पाठवले होते. कारण कसं असावं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? तो चपला काढून दारात उभा राहिला. "सर, जन्मनोंदी आडनावांप्रमाणे लावायच्यात."

सरांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात काम! मंजूर. मंगळवारी संध्याकाळी सहाला."

मंगळवारी कारकून नोकरीत पहिल्यांदा लवकर निघाला. ऑफिसच्या नळावर त्याने पाय धुतले, नवे मोजे चढवले. वाटेत बोटं मोडून मोकळी केली. नोंदी गेल्या खड्ड्यात, पहिल्यांदा नाव, मग एंटर. सहाच्या बऱ्याच आधी तो इमारतीच्या फाटकाशी पोचला आणि पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"कोणाकडे?"

"माझ्याकडे! रोज सलाम ठोकतोस मला!"

"ते खरं साहेब. पण तिसऱ्या मजल्याला आता विचारून सोडायचंय." त्याने इंटरकॉम लावला. "सर, ते उंच साहेब आलेत... बरं... बरं." त्याने फोन ठेवला. "तुमची वेळ सहाची आहे म्हणतात. आधी नाही."

कारकून फाटकाशी उभा राहिला. सहाचे ठोके पडताच पहारेकऱ्याने पुन्हा फोन लावला, ऐकलं, आणि मान हलवली.

"वेळ सहाला खुर्चीत सुरू होते म्हणाले, फाटकाशी नाही. तुम्ही आला नाहीत म्हणून बाईंना दिली."

वर खिडकीच्या पडद्याच्या कडेने हिरवा उजेड येत होता. आतून विटा फुटल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच सरांचा: "वा बाई, वा!" कारकुनाने टाचा उंचावून पाहिलं. तिसरा मजला होता. काही दिसलं नाही.

पहारेकऱ्याला ही सूचना दिली कोणी, याची चौकशी कारकुनाने तेव्हापासून चालवली आहे. सर म्हणतात, विभाग खोलीबाहेरच्या कारभारात लक्ष घालत नाही. बायको म्हणते, ती तेव्हा कोनांचा अभ्यास करत होती. पहारेकरी शपथेवर सांगतो, त्याला प्रत्यक्ष घरमालकाने, टाय लावून, खाली येऊन सांगितलं.

घर कारकुनाच्या नावावर आहे.