पणाला रकाना नाही

एका जंगलात, बाळांनो, झाडं भरपूर होती, पण पक्की जमीन मोजकीच. कुठे कातळ, कुठे दलदल. वरून सगळं सारखंच हिरवं.

तिथे भुईबाई नावाची घूस राहायची. जमीन तपासणं हे तिचं काम. भोक पाडायचं, माती हुंगायची, थोडी चाखायची आणि पळसाच्या पानावर लिहायचं. अक्षर असं, जणू मुंगी शाईत पडून घरी चालत गेली.

गजराबाई हत्तिणीचे दिवस भरत आले होते. पिल्लू यायच्या आत तिला घर हवं होतं. भुईबाईने टेकाडाखालची जागा तपासली आणि लिहिलं: ‘दोन हातांवर काळी चिकण माती. नखं रुतली. पाणी लागलं. इथं घर नको.’

पण अशा पानांचे ढीग साचलेले. हवं ते पान सापडायचं नाही. सापडलं तर हरणांनी अर्धं खाल्लेलं. म्हणून राजाने कोल्हेरावांना सुधारणेसाठी नेमलं. त्यांनी सुबक वही शिवली. एका भोकाला एक ओळ, ओळीत एकच शब्द: सोपं किंवा कठीण. कठीण म्हणजे कातळ, असं त्यांनी मनाशी धरलेलं. कोणाला सांगायचं तेवढं राहिलं.

“टेकाडाखाली काय लागलं?” त्यांनी विचारलं.

“खणायला कठीण गेलं साहेब, इतकी चिकट. पण—”

“कठीण,” कोल्हेरावांनी लिहून टाकलं.

“साहेब, पुढे ‘पण’ आहे.”

“पणाला रकाना नाही, बाई.”

भुईबाई पान घेऊन गजराबाईकडे धावली. गजराबाईने चिखलाने माखलेलं पान पाहिलं, मग वहीतली सरळ ओळ पाहिली: ‘कठीण’. म्हणजे जमीन पक्की, असं तिने धरलं.

“भुईबाई, तू एवढीशी,” ती मायेने म्हणाली. “भाराचं तुला काय कळणार?”

घर झालं. तिसऱ्या दिवशी ते छपरापर्यंत खचलं आणि गजराबाई पोटापर्यंत रुतली. भुईबाई उपाशीपोटी दोन दिवस चिखल उपसत होती, तेव्हा कुठे गजराबाई सुटली. पिल्लू जांभळीखाली उघड्यावरच जन्मलं. नशीब, दोघं सुखरूप.

मग सभा भरली आणि कोल्हेरावांचा सत्कार झाला. एवढ्या चिखलात वही तेवढी कोरडी राहिली होती ना! भुईबाईला मात्र समज मिळाली, सभेला येताना पाय पुसून यावेत म्हणून.

तात्पर्य: बाळांनो, जमीन जरूर तपासावी, पण तिची माती नोंदीला लागू देऊ नये. घर काय, खचलं तर दुसरं बांधता येतं. इतकी सुबक वही पुन्हा कोण शिवणार?