शिरसुखीच्या सनदेची हकिकत

श्रीगजानन व कुलस्वामिनी यांचे चरणी माथा ठेवून, तो माथा धडावर राहो इतकेच मागून, जाहाले वर्तमान लिहितो. शके सोळाशे एकुणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात ऐसा कायदा होता की, जो कोणी नवी वस्तू काढील त्यास सरकारातून सनद मिळावी आणि ती वस्तू दुसऱ्याने करू नये. परंतु साधारण कारीगरास सहज सुचण्याजोगी असेल तर सनद नाही. हे ठरवावयास हैबती सुतार यास 'मध्यम कारीगर' हा हुद्दा दिला होता. हैबती ना हुशार, ना ढ. अक्कल बेताची, पगडी मात्र भारी. त्यास नवी वस्तू न दाखविता कोठडीत बसवीत आणि जुन्या वस्तू देऊन अडचण सांगत. मग सूर्यास्तापावेतो त्याने तीच वस्तू आपल्या मनाने केली तर ती सुचण्याजोगी ठरे.

त्या साली भिवराबाई तांबटीण हिने शिरसुखी काढिली. लाकडी मूठ, तीस तांब्याच्या लवचीक वाकड्या तारा, टोकांस मणी. माथ्यावरून खाली ओढली की माणूस डोळे मिटून गप्प बसे. महाराजांस तर तिचे वेडच लागले आणि ती कमरेस खोवून हिंडू लागले. मग त्र्यंबकशेट व्यापारी हरकत घेऊन बोलिले, "यात नवल ते काय? घरोघर फणी आहे, रवी आहे. दोन्ही जोडल्या, झाले!" शेटजींचे कारखान्यात कारीगर तीच वस्तू करावयास हत्यारे परजून बसले होते, सनद नाकारली तर बाईची चूल विझणार, हे सर्वांस दिसत होते. न्यायाधीश नीळकंठशास्त्री यांणी हैबतीस कोठडीत बसविले.

हैबतीपुढे फणी, रवी आणि तार ठेवून सांगितले, "डोके ठणकते, चोळून बोटे थकतात, उपाय करा." त्याणे रवीस फणीचे दात बसविले आणि आपल्याच माथ्यावर फिरविले, तो कातडे सोलले. मग तारा ठोकून पाहिल्या, तो रक्त आले. दुपारी तो कण्हत बसला असता महाराज तेथून जात होते. कनवाळू धनी, आत आले आणि कमरेची शिरसुखी काढून हैबतीच्या माथ्यावर फिरविली. "आता बरे वाटते का रे?" हैबती बोलिला, "स्वर्ग आहे, महाराज." आणि डोळे उघडून पाहतो तो ती वस्तूच पुढे! महाराजांणी जीभ चावली. "हे कोठे बोलू नकोस," ऐसे दटावून निघून गेले.

मग हैबतीचे हात भराभर चालू लागले. त्यास वाटले, अरे, हे तर अगदी सोपे, मला सुचणारच होते! जन्मात प्रथमच तो स्वतःस हुशार वाटला, आणि ते सुख त्यास सोडवेना. सायंकाळी पगडी घालून, शिरसुखी घेऊन तो दरबारी आला. त्र्यंबकशेट खुशीत आले आणि शास्त्रीबुवांणी लेखणी उचलिली. तो भिवराबाई पुढे होऊन म्हणाली, "हैबतीदादा, माझी वस्तू तुम्ही केलीत, बरे झाले. पण पगडीखालून रक्त का येते?"

हैबतीने महाराजांकडे पाहिले. महाराजांची नजर त्याजवर रोखलेली, हात तरवारीचे मुठीवर. मग त्याणे पगडी उतरून खाली ठेविली आणि ओरबाडलेला माथा सर्वांपुढे वाकविला. "शास्त्रीबुवा, माझ्या मनाने मला सुचले ते हे. हातातली वस्तू केली ती महाराजांणी माझ्या माथ्यावर फिरविल्यानंतर. आता ती सोपी वाटते. सकाळी नव्हती."

महाराज लाल जाहाले, मग खाली पाहू लागले, मग हळूच बोलिले, "शास्त्रीबुवा, लिहा."

सनद भिवराबाईस जाहाली. दुसरे दिवशी हैबतीस हुद्द्यावरून दूर केले. हुकुमात कारण लिहिले की, धन्याची चूक धन्याच्या तोंडावर सांगतो तो साधारण माणूस नव्हे, सबब या कामास नालायक. हैबती हल्ली भिवराबाईकडे मुठी घडवितो. एकूण हिशेब इतकाच की पगडी गेली, डोके राहिले. इति.