कथित शिलाई मशीन

मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. बंदरावरचं कस्टम्सचं गोदाम, खिडकी क्रमांक चार. खिडकीच्या आत अधिकारी, बाहेर मी, आणि माझ्या मागे, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, बायको.

परदेशात बस्तान हलवताना सामानाची यादी पॅकर्सचा माणूसच करून देत होता. मीच गरजलो, ‘‘तीस वर्षं बातमीदारी केलीय. मला यादी शिकवता?’’ (इथेच माशी शिंकली.) नियम सोपा होता. घरातली वस्तू सहा महिन्यांहून जास्त वापरलेली असेल तर कर नाही. फक्त तसं लिहून खाली सही ठोकायची.

अधिकारी मोठ्याने वाचू लागला. ‘‘‘शिलाई मशीन. नऊ वर्षे वापरात असल्याचे पत्नीकडून समजते. वृत्ताला स्वतंत्र दुजोरा मिळू शकलेला नाही.’ हे काय आहे?’’

‘‘सत्य!’’ मी छाती काढून म्हणालो. ‘‘मी तिला शिवताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दिवसभर ऑफिसात असायचो.’’

‘‘मग हा अंगातला शर्ट?’’

‘‘त्याबद्दल अधिक तपशील उपलब्ध नाही.’’

‘‘अहो, नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंत का?’’ मागून आवाज आला.

‘‘दुजोरा नाही, तर मशीन नवं धरावं लागेल,’’ अधिकारी म्हणाला. ‘‘चौकशीला तीन आठवडे.’’

बायकोचा चेहरा उतरला. शुक्रवारी ती इथल्या एका शिंप्याकडे कामाला लागणार होती. त्याची अट एकच, मशीन स्वतःचं हवं.

‘‘ही दडपशाही आहे!’’ मी खिडकीवर मूठ आपटली. ‘‘मी मंत्र्यांना घाम फोडलाय!’’

‘‘तुम्ही जरा गप्प बसता?’’ असं म्हणून बायकोने मला बाजूला सारलं, मशीनचं खोकं उघडलं आणि न बघता मशीनच्या सुईत दोरा ओवला. ‘‘साहेब, तुमच्या कोटाचा खिसा उसवलाय. काढा बघू.’’

दोन मिनिटांत खिसा जागेवर. अधिकाऱ्याने तो ओढून पाहिला, दोनदा ओढून पाहिला, आणि माझं वाक्य खोडून शिक्का मारला. मशीन सुटलं.

शहाण्या माणसाने तिथून काढता पाय घेतला असता. पण माझा स्वाभिमान दुखावला होता. ‘‘म्हणजे माझ्या शब्दाला किंमतच नाही? यादीत मी स्वतः खात्री केलेली नोंदही आहे. ती वाचा!’’

त्याने वाचली. ‘‘‘व्यायामाची सायकल. तीन वर्षे, दररोज पहाटे, मी स्वतः.’’’

सायकल बाहेर आली. पेडलवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच. अधिकाऱ्याने मीटरचं बटण दाबलं. आकडा उमटला : एकूण अंतर, चारशे मीटर.

सायकल नवी ठरली आणि तिच्यावर रीतसर कर लागला. बायको शपथेवर सांगते की ती त्या सायकलवर कधीच बसलेली नाही. खरं तर बसलेलो मीही नाही. ते चारशे मीटर नेमके कोणी तोडले, याचा खुलासा अद्याप कोणीही केलेला नाही.